गालावरची पेन्सिल

सीताबर्डीवरच्या भैयाजींच्या फोटो स्टुडिओत प्रेमिला सहा वर्षं एकच काम करत होती: लग्नाच्या पोरींना गोरं करायचं. गोष्ट बाहत्तर-त्र्याहत्तरची. तेव्हा पोरगी दाखवण्याआधी तिचा फोटो जाई, आणि फोटो जाण्याआधी तो प्रेमिलाच्या हाताखालून जाई.

मागच्या खोलीत खिडकीशी तिचं तिरपं डेस्क होतं. त्यात दुधी काच, काचेखाली उजेड वर फेकणारा आरसा. काचेवर निगेटिव्ह ठेवायची, बाटलीतल्या औषधाचा थेंब बोटानं चोळायचा आणि सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल चेहऱ्यावरून हलक्या हातानं फिरवायची. निगेटिव्हमधला न्याय उलटा असतो. तिथं जितकं काळं चढवावं, तितका फोटोत गाल उजळतो. देवीचे वण, मुरुम, डोळ्यांखालची काळजी, सगळं तिच्या पेन्सिलीपुढे नाहीसं होई. काळं फासून गोरं करणारी पोरगी नागपुरात दुसरी सापडणार नाही, असं भैयाजी गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगत.

प्रेमिला स्वतः काळी होती. आई, सिंधूताई, तिला निमगोरी म्हणायची, आणि इतक्या ठामपणे म्हणायची की ऐकणारा एकदा डोळे चोळून पुन्हा पाही. आता पेन्सिल आपल्याच हाती, म्हणून प्रेमिलानं आपल्याही फोटोवर पेन्सिल चालवली होती. हात सफाईचा. फोटो पाहून स्थळं धावत येत आणि पोरगी पाहून तितक्याच वेगानं परत जात. पहिल्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला आणि कळवतो म्हणून जे गेले ते गेलेच. दुसरं स्थळ काटोलचं. प्रेमिला ट्रे घेऊन बाहेर आली तरी मुलाची आत्या तिच्या खांद्यावरून आतल्या खोलीत डोकावत राहिली. शेवटी तिनं विचारलं, “फोटोतली पोरगी कुठं हाये?”

हीच ती, असं सिंधूताईनं सांगितलं तेव्हा आत्यानं पोह्यांना हात न लावता चपला शोधायला घेतल्या. प्रेमिलाला चोविसावं सरत होतं. तिसरं स्थळ आलं उमरेडचं, ताराचंद नावाचा मुलगा, वीज मंडळात लाइनमन. सिंधूताईनं नवा फोटो काढायला लावला आणि बजावलं की या खेपेला पेन्सिल जरा दाबूनच चालव. प्रेमिलानं चालवली. दोनदा तोंडघशी पडूनही माणूस तेच करतो, कारण दुसरं काय करावं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

ती निगेटिव्ह काचेवरच होती, त्या सकाळी बायजाबाई आल्या. कळमन्याच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या, सत्तरीच्या, नऊवारी घट्ट खोचलेल्या. आठवड्यापूर्वी मुलांनी त्यांना आणून फोटो काढून नेला होता. आई गेल्यावर भिंतीवर काहीतरी असावं म्हणून. आज त्या एकट्याच, बसनं, फोटो पदरात गुंडाळून परत आल्या होत्या. भैयाजींना बाजूला सारून त्या थेट मागच्या खोलीत शिरल्या आणि फोटो प्रेमिलापुढे ठेवला.

“ही कोण हाये वं?”

तुम्हीच की आजी, प्रेमिला म्हणाली. म्हातारीनं कपाळावर बोट ठेवलं, मग हनुवटीवर. तिथं हिरवट गोंदण होतं: कपाळावर चंद्रकोर, हनुवटीवर तीन ठिपके. फोटोत कपाळ स्वच्छ आणि हनुवटी गुळगुळीत. प्रेमिलानं ते डाग समजून मोठ्या निगुतीनं पुसून टाकलं होतं. वर सुरकुत्याही निम्म्या केल्या होत्या, म्हातारी खूश होईल म्हणून.

बायजाबाई स्टुलावर बसल्या आणि सांगू लागल्या. आठ वर्षांच्या असताना चौघींनी धरून ठेवलं तेव्हा कुठं हे गोंदण झालं होतं. रडून रडून आवाज बसला, मग आईनं गूळ दिला. पुढं संसारात सोन्याचे डाग आले, मोडले, पुन्हा आले. अंगावर जे काही आहे ते मेल्यावर सुना उतरवून घेतील आणि घ्यावंच त्यांनी. गोंदण तेवढं कोणाला उतरवता येत नाही, ते संगं जातं. हे सांगताना त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरंच कळत नव्हतं.

“मी तुले चांगली नव्हती दिसली काय, पोरी?”

सहा वर्षांत हा प्रश्न प्रेमिलाला कोणी केला नव्हता. तिनं बायजाबाईंची निगेटिव्ह शोधून काढली, कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि सगळी पेन्सिल पुसून काढली. भैयाजींनी कुरकुरत नवी प्रत छापली. फोटो ओला असतानाच म्हातारीनं हातात घेतला, चंद्रकोर पाहिली, तिन्ही ठिपके पाहिले, सुरकुत्यांचंही काही वाईट वाटलेलं दिसलं नाही. “हां,” त्या म्हणाल्या, “ही मी हावो.” आणि बस पकडायला गेल्या.

प्रेमिलाच्या हातात बोळा तसाच होता. काचेवर तिची स्वतःची निगेटिव्ह. तिनं दाराकडे पाहिलं. भैयाजी पुढं एका नवरदेवाची मान सरळ करण्यात गुंतले होते. तिनं आपल्या गालावरून बोळा फिरवला, मग कपाळावरून, नाकावरून. दोन दिवसांचं काम दोन मिनिटांत गेलं. मग डार्करूममध्ये जाऊन तिनं स्वतःच प्रत छापली. लाल दिव्याखाली, औषधाच्या पाण्यात, हळूहळू चेहरा वर आला. आजोळची उंच गालफडं, बापाचं रुंद नाक, दोन्हीकडच्या घराण्यांचा मिळून झालेला रंग. इतकी माणसं आपण पेन्सिलीखाली पुरून ठेवली होती, हे तिला आता दिसलं. चेहरा तिला आवडला. मनापासून आवडला. अंधारात एकटीच ती खुदकन हसली, आणि हसू काही आवरेना.

घरी फोटो पाहून सिंधूताईनं डोक्याला हात लावला. हा फोटो उमरेडले गेला तर तिकडूनच नकार येईल, असं तिचं म्हणणं.

“येऊ दे ना माय,” प्रेमिला म्हणाली. “तिकडूनच आला तर पोहे तरी वाचतीन.”

पोरगी इतकं हसत बोलली की आईला रागवायचंही सुचलं नाही. फोटो गेला. सिंधूताईनं आठ दिवस देव पाण्यात ठेवले. प्रेमिला मात्र गाणं गुणगुणत कामाला जाई. पोरींना आता ती आधी विचारू लागली, काय काढायचं आणि काय राहू द्यायचं. बहुतेकींना गोरंच व्हायचं होतं. एक-दोघी मात्र विचारात पडत आणि गालावरचा तीळ राहू द्या म्हणत. भैयाजींनी सुरुवातीला कपाळाला आठ्या घातल्या, पण तीळवाल्या पोरीनं पाठोपाठ आपल्या तीन बहिणींना फोटोला आणलं तेव्हा त्यांचीही हरकत उरली नाही.

नवव्या दिवशी निरोप आला: रविवारी पोरगी पाहायला येतो. सोबत मुलाचा फोटो. सिंधूताईनं तो देवापुढे ठेवला आणि म्हणाली, राजपुत्र आहे, गोरापान. प्रेमिलानं फोटो खिडकीशी नेऊन तिरपा धरला. कोण्या नवशिक्याचं काम होतं. गालावर पेन्सिल चढवली होती आणि कान विसरला होता. गाल दुधासारखे, कान तव्यासारखे.

रविवारी मंडळी आली. ताराचंद दारातून आत आला तो मान खाली घालूनच. प्रेमिलापेक्षा दोन बोटं काळाच. बसल्या बसल्या त्याच्या आईनं सांगायला सुरुवात केली की पोरगा जन्माचा उजळ, पण भर उन्हात खांबावर चढून चढून रापला. ऐकून सिंधूताई चपापली. असलं बोलणं आजवर फक्त तिच्याच तोंडी होतं. ताराचंद जमिनीकडे पाहत होता. आपला फोटो आधीच पाहिलेल्या लोकांपुढे बसण्याची ही रीत प्रेमिलाला पाठ होती. कुठं पाहायचं, हात कुठं ठेवायचे, किती लवकर उठता येईल हे मनात कसं मोजायचं. तिला त्याची फार दया आली, आणि लगेच हसूही आलं.

पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आईनं रीतीप्रमाणे म्हटलं, पोरीले काही विचारायचं असेल तर विचारू दे. पोरी अशा वेळी नाही म्हणून मान हलवतात. प्रेमिलानं पदर सावरला आणि थेट त्याच्याकडे पाहून बोलली.

“फोटोपेक्षा तुम्ही बरे दिसता. ज्यानं कोणी काढला, त्याच्याकडं पुन्हा जाऊ नका.”

ताराचंदनं पहिल्यांदा मान वर केली. त्याच्या सगळ्या तोंडावर हसू पसरलं.

“तुमचा मात्र तुमच्यासारखाच हाये,” तो म्हणाला. “ते फोटोतच दिसलं, म्हणून तर आलो.”