स्पीकरमधून आलेली हाक

कोणी भुताखेतांच्या गोष्टी सुरू केल्या की मी उठून जाणारा माणूस. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, वीस वर्षं मशिनी दुरुस्त करण्यात गेलेली... त्यामुळे हे लिहितानाही अवघडल्यासारखं होतंय.

आम्ही रायपूरला तात्यापाऱ्यात राहतो. खाली आई, मी आणि माझी बायको वर्षा. वरच्या खोलीत माझा पसारा. गेल्या उन्हाळ्यात तिथे मी एक अ‍ॅम्प्लिफायर बांधला — जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे व्हॉल्व्ह लावून.

रविवारी दुपारी तीनच्या सुमारास पहिली टेस्ट. फक्त स्पीकर जोडला होता. मोबाइल, माइक काहीच नाही. नुसती घरघर किती येते ते ऐकायचं होतं. व्हॉल्व्ह लालसर झाले, बारीक गुणगुण सुरू झाली. आणि तिच्यातून स्वच्छ आवाज आला —

"अहो, लवकर खाली या! आई उठून नाही राहिल्या!"

वर्षाचा आवाज. मी दोन-दोन पायऱ्या गाळत खाली धावलो. वर्षा गहू निवडत होती. आई कूलरसमोर बसून पदरानं मान पुसत होती.

"काहून रे, असा पळत काहून आला?"

"वर्षा, तू हाक मारली?"

"मी? मी तर तोंडही नाही उघडलं."

आई हसली. "वरच्या गरमीनं डोकं फिरलं या पोट्ट्याचं."

मीही हसलो. शेजारचा टीव्ही असेल, अशी स्वतःची समजूत घालून वर आलो.

वीसेक मिनिटांनी पुन्हा तेच. तेच शब्द, तोच घाबरलेला स्वर. या वेळी मी हललो नाही. वायरी तपासल्या, सोल्डरचा एकेक जोड पाहिला. हाका येतच होत्या. शेवटी वैतागून प्लग काढला. व्हॉल्व्ह विझले, गुणगुण थांबली...

हाक थांबली नाही. ती जिन्यातून येत होती.

आईला अर्धांगाचा झटका आला होता. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "इसमें एक-एक मिनट का फर्क पड़ता है, भैया." आई वाचली. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं.

नंतर सगळं सर्किट उघडून पाहिलं. दोष काहीच नाही. वर्षानं एकदाच विचारलं, "पहिल्यांदा ऐकलं, तेव्हाच नेलं असतं तर?"

"तेव्हा तर चांगली होती ना ती..."

तो आवाज कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. एवढंच कळतं, की त्यानं मला वीस मिनिटं आधी सांगितलं होतं — आणि खरी हाक आली तेव्हा मी सोल्डर तपासत बसलो होतो.