लहानूचा शब्दकोश आणि गोड पाण्याचे ड्रम

शहरालगतच्या वाडीत, ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे भाड्याच्या खोल्यांची एक गल्ली आहे. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तिथे एक बातमी पक्की झाली होती : लहानू हमाल खोलीत बाँब बनवतो. खिडकीतून डोकावून आलेल्यांनीच सांगितलं, मग खोटं कसं असेल? मांडीवर जाडजूड पुस्तक, मनगटावर बॉलपेनने लिहिलेली इंग्रजी नावं, आणि ओठ आपले हलताहेत. तर खुलासा असा, की ज्याला चहा धड जमत नाही तो बाँब काय बनवणार. लहानू रसायनशास्त्राचा शब्दकोश वाचत होता. सातवी पास हमाल, वय चोपन्न. बाँब गल्लीने चालवून घेतला असता, हे काही पचेना.

कारण त्याच्या डाव्या पायात होतं, किंवा नव्हतं म्हणा. बातमीच्या दोनेक महिने आधी गोदामात एक ड्रम गळत होता. "साबणाचं पाणी होय बे, उचल," असं देवराव मुकादम म्हणाला. पायावर सांडलं ते लागलंही साबणासारखंच बुळबुळीत. दोन बोटं गेली. दवाखान्यातून सुटल्यावर लहानूने सीताबर्डीच्या फुटपाथवरून तो कोश आणला, ड्रमावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळवून शोधलं आणि आपल्याला काय जाळून गेलं ते वाचलं. कॉस्टिक पोटॅश. बाँबचा उलगडा झाला त्याच दिवशी गल्लीने त्याला 'प्रोफेसर' करून टाकलं.

"दोन बोटं फी भरली यानं," देवराव पानठेल्यावर सांगायचा. "आठ बाकी हायेत. पीएचडी होते याची."

लहानूही हसायचा. मुकादमाच्या विनोदाला हसणं हा हमालीचाच भाग असतो.

त्याची रीत मात्र ठरून गेली. दिवसभर उचललेल्या मालाचं नाव मनगटावर उतरवायचं, घरी कोश उघडायचा. पण शब्दकोश जातीचा कंजूष. एका ओळीत उरकतो आणि 'अमुक पाहा' म्हणून दुसऱ्या दारी पाठवतो. मग रविवारी बस पकडून शहरातलं वाचनालय. तिथे ज्ञानकोशाचे खंड कुलपात आणि किल्ली ग्रंथपाल शोभाताईंकडे. खंड घरी न्यायचा नाही, टेबलावर बसून वहीत उतरवायचं. पहिल्या रविवारी शोभाताईंनी त्याच्याकडून हात धुवून घेतले होते. पुढे ती सवयच झाली, त्यांची आणि त्याचीही.

आता ड्रमांचं. वाडीत उन्हाळ्यात टँकर येतो, आणि गोदामातले रिकामे निळे ड्रम ज्याच्या दारी तो नशीबवान. ड्रम कोणाला द्यायचे हे देवरावच्या मर्जीवर. मागच्या एप्रिलमध्ये त्याने चार आणले. पाइप घालून एकदा विसळले, वरची नावाची चिठ्ठी खरवडली, झालं. एक स्वतःकडे, तीन मर्जीतल्यांकडे. लहानूला नाही. आठवड्यात गल्लीभर बोभाटा झाला की देवरावच्या ड्रमातलं पाणी गोड लागतं.

हे ऐकून लहानूने जेवण सोडून वही काढली. हे चार ड्रम त्यानेच ट्रकमधून उतरवले होते. नाव मनगटावरून पुसलं गेलं तरी वहीत होतं : इथिलीन ग्लायकॉल. शब्दकोश म्हणाला, 'दाट, रंगहीन द्रव, ग्लायकॉल पाहा.' भाच्याच्या मोबाइलवर विचारलं तर त्याच नावाचा माल विकणारे दहा जण हजर. पोटात गेलं तर काय, हे सांगणारा तेवढ्यात सापडेना. रविवार उजाडेपर्यंत लहानू थांबला. आणि त्याच रविवारी देवरावच्या नातीचं बारसं होतं.

वाचनालयात 'ग' चा खंड उघडला. चवीला गोड, असं लिहिलं होतं. पुढे : विषारी, मूत्रपिंडे निकामी होतात.

"मॅडम, मूत्रपिंड म्हणजे?"

"गुर्दे," शोभाताई मान वर न करता म्हणाल्या.

लहानू वही घेऊन धावत सुटला. बस वाडीत पोचली तेव्हा मांडव भरला होता. दारापुढे तो निळा ड्रम, काठोकाठ कैरीचं पन्हं, आणि देवरावची सून भावना डाव घेऊन ढवळत होती. पेले अजून वाटायचे होते.

"भाऊ, हे वाटू नका," लहानू म्हणाला. "या ड्रमात जहर होतं. पाहा, लिहून आणलं."

"वाच," देवराव म्हणाला. "मोठ्यानं वाच, सगळ्याईले ऐकू दे."

लहानूने वाचलं. 'मूत्रपिंडे' शब्दाशी अडखळला तसा मांडव खदखदला.

"तुले ड्रम नाही भेटला म्हणून तुह्या पोटात दुखून राहिलं, गा. पाणीच गोड, साखर कमी लागली तर आम्ही खुश, अन् हा आला पुस्तक घेऊन." देवरावने पेला भरून त्याच्यापुढे धरला. "घे, तूच पी पहिले. नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नको."

लहानूने पेल्याकडे पाहिलं, मग भावनाच्या कडेवरच्या थोरल्या लेकीकडे, उन्नतीकडे. वाद घालायला त्याला येत नव्हतं. एक काम मात्र पोटापाण्याचं म्हणून येत होतं. भरलेल्या ड्रमाच्या काठाला कुठे हात घातला की तो एका माणसालाही कलतो, हे हमालाला कळतं. त्याने हात घातला. दोनशे लिटर पन्हं मांडवभर झालं.

मग चपला. बायकांच्याही. वही कोणीतरी त्याच पन्ह्यात भिजवली. काम गेलं ते गेलंच.

आणि गंमत पाहा, आजारी कोणीच पडलं नाही. पडणार कुठून, पन्हं प्यायलंच कोणी नाही, आणि आधीच्या पाण्यात विष उरलं असेल ते थोडकंच. पण गल्लीने त्याचा अर्थ सरळ लावला : प्रोफेसर खोटारडा निघाला. आठवड्याभरात त्या चारही ड्रमांत कपडे धुवायचं पाणी दिसू लागलं. काहून म्हणून विचारलं तर म्हणत, असंच.

महिन्याने पानठेल्यावर देवरावला तो दिसला. लहानू आता रोजीने मिळेल तिथे पोती उचलत होता. चार लोक ऐकताहेत हे पाहून देवरावने हाक मारली, "काय बे प्रोफेसर, मेलं काय कोणी?"

लहानू म्हणाला, "नाही ना, भाऊ. म्हणून तर मले चपला मारायले पुरे चाळीस जण भेटले."