मी हेडफोन लावले आणि सासूबाई गेल्या

चहाचा कप आधी खाली ठेवा बरं. मागे हे एका मैत्रिणीला सांगत होते, तर ऐन मोक्याला तिच्या नाकातून चहा आला आणि माझी नवी चादर गेली. तसा हा प्रकार हसण्यासारखा नाहीच. माझ्या एका हेडफोनपायी अर्धं वऱ्हाड रडलंय!

आधी माझा स्वभाव सांगते. मला एका जागी बसवत नाही. भाजी फोडणीला टाकली की मी अंगणात, अंगणात गेले की तिथून गच्चीवर, आणि गच्चीवर पोचले की खालून भाजी करपल्याचा वास. लॅपटॉपवर पिक्चर लावला तरच काय ती घटकाभर टेकते. पण आमच्या अमरावतीच्या घरी पिक्चर बघायचा कसा? सासूबाई शेजारी येऊन बसतात आणि सुरू होतात.

"हा कोन?"

"हीरो आहे, आई."

"अन् हा?"

"त्याचा भाऊ."

"मंग हा दारू काहून पिऊन राहिला? बायको कुठी हाय त्याची?"

आता त्या भावाची बायको कुठे आहे हे मला काय माहीत? मी लॅपटॉपचा आवाज वाढवला की त्या टीव्हीचा वाढवतात. मग शेजारचे त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या वाढवतात. शेवटी मी जाहीर केलं, हेडफोन घेणार! त्याच आठवड्यात सासूबाई अकोल्याला माझ्या नणंदेकडे, सुनंदाताईंकडे राहायला गेल्या. जाताना आपला फोन इथेच चार्जरला विसरल्या. मी म्हटलं, हीच वेळ. लॅपटॉप पिशवीत टाकला आणि जयस्तंभ चौकाजवळचं सलीमभाईंचं दुकान गाठलं. सलीमभाई म्हणजे माझ्या नवऱ्याचे, विलासचे, शाळेपासूनचे दोस्त.

हेडफोन घ्यायला लॅपटॉप कशाला न्यायचा, असं विचारू नका. चप्पल घ्यायला पाय नेता की नाही?

पहिले दाखवले ते कानात खुपसायचे. डावा बसला की उजवा पडायचा. एकदा तो घरंगळत काचेच्या कपाटाखाली गेला आणि सलीमभाई बिचारे जमिनीवर पालथे पडून झाडूच्या काडीनं त्याला ओढत बसले. दुसरे ब्लूटूथचे. त्यात आवाज ओठांच्या मागून यायचा. हीरोइन तोंड मिटून गप्प उभी, तरी बाई बोलतेच आहे! तिसऱ्यांची वायर इतकी आखूड, की पिक्चर बघायचा तर लॅपटॉप मांडीवर नाही, हनुवटीखाली घ्यावा लागला असता. चौथे कानावर बसले खरे, पण दोन मिनिटांत कान भाजले. आपल्याकडचं ऊन, त्यात कानाला गोधडी! मी लावते, काढते, पुन्हा पहिले मागते, उभी राहते, बसते.

सलीमभाईंनी कपाळाचा घाम पुसला. "भाभी, ऐसे एक एक मिनट में कुछ नहीं समझता. ये बडावाला लगाओ, आरामसे बैठो, एक सीन पूरा देखो. बाहर का आवाज एकदम बंद! मैं नमाज पढके आता."

ते गेले. गल्ल्यावर त्यांचे म्हातारे अब्बा बसले होते. त्यांना ऐकू कमी येतं. हेडफोनच्या दुकानात ऐकू न येणारा माणूस, आहे की नाही कमाल?

मी ते बडेवाले लावले आणि खरंच, चौकातले हॉर्न गेले, पंख्याची घरघर गेली, जग गेलं. पिक्चर होता एका टांगेवाल्याचा आणि त्याच्या म्हाताऱ्या घोडीचा. सुरुवातीची गाणीबिणी मी पटापट पुढे ढकलली, मला कुठला धीर! थेट तिथे आले, जिथे भर उन्हात ती घोडी रस्त्यात कोसळते. टांगेवाला तिची मान मांडीवर घेऊन हंबरडा फोडतो. काय सांगू, तो आवाज कानात नाही, थेट काळजात शिरत होता. मी हुंदके द्यायला लागले. चारचौघांत रडताना कोणी पाहू नये म्हणून ओढणी डोक्यावरून पुढे ओढून घेतली. म्हणजे बघा, हेडफोन झाकले गेले आणि बाहेरून दिसली ती फक्त ओढणीआड रडणारी बाई!

नेमक्या त्याच वेळी दुकानासमोरून कोण जावं? आमच्या मामीजी! सासूबाईंची भावजय, मोर्शीच्या. कुणाच्याशा लग्नाच्या खरेदीला मामाजींबरोबर अमरावतीला आल्या होत्या. मला बघून आत आल्या. मला काय दिसलं, तर मामीजींचं तोंड हलतंय. माझी समजूत अशी, की त्या विचारताहेत, काय बघतेस. हेडफोन काढायला हवे होते, कळतंय मला. पण सीन असा होता की काढवेना. आणि कान बंद असले की माणूस किती मोठ्यानं बोलतो ते तुम्हाला ठाऊकच आहे.

मी ओरडले, "म्हातारी गेली वो मामीजी!"

मामीजींनी तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, व्वा, काय पण भावुक बाई!

"रस्त्यातच गेली, उन्हात! कोणी घोटभर पाणीसुद्धा पाजलं नाही! जन्मभर ओझं वाह्यलं बिचारीनं!"

दुकानात आलेल्या एका गृहस्थानं डोक्यावरची टोपी काढली. ती का काढली याचा विचार मी त्या वेळी केला नाही. मामीजींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, डोळे पुसले, काहीतरी बोलल्या. मी आपली मान हलवली. त्या लगबगीनं निघून गेल्या. माझं लक्ष पुन्हा घोडीकडे.

थोड्या वेळानं ओढणी ओढली गेली. बघते तर विलास! डोळे लाल, शर्ट अर्धा बाहेर. ऑफिस सोडून माणूस थेट आलेला. मी हेडफोन गळ्यात उतरवले, तर हा माझ्यासमोर खुर्चीत बसून ढसाढसा रडायलाच लागला.

मी म्हटलं, "अवो, असं काय करता? नसतील परवडत तर स्वस्तातले घेते मी!"

"आई गेली माही, अन् तू काय बोलून राहिली वैशाली?"

"आई? कोणाची आई?"

"आपली! मामाजीचा फोन आला. थे अन् मामी अकोल्याले निंघाले बी. म्हणे सूनबाई सलीमच्या दुकानात रडून राहिली, तिले घेऊन ये."

तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं! अहो, नवरा समोर बसून रडतोय म्हटल्यावर कुठली घोडी आठवते? मला वाटलं, मामाजींना अकोल्याहून कळलं असणार. उठले ती तशीच धावत गाडीत जाऊन बसले.

बडनेरा मागे पडलं. विलास एका हातानं गाडी चालवतोय, दुसऱ्या हातानं डोळे पुसतोय. मी सुनंदाताईंना फोनवर फोन लावतेय. रिंग जाते, कोणी उचलत नाही. उचलतील कशा, अशा वेळी? मी खिडकी खाली करते, वर करते, पट्टा सोडते, लावते. डोक्यात एकच विचार. त्या अकोल्याला निघाल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "जाऊ का वो?" आणि मी लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हटलं होतं, "हो, हो." बास, एवढंच. शेवटचं बोलणं ते. त्या भावाची बायको कुठे आहे हे सांगितलं असतं तर माझं काय जाणार होतं?

मला फार रडावंसं वाटलं. पण डोळ्यांत टिपूस येईना! सगळं पाणी घोडीवर खर्च झालेलं. मूर्तिजापूरपाशी विलासनं एकदा माझ्या कोरड्या डोळ्यांकडे बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागला. तुम्हाला सांगते, तो रस्ता मला आजही लांब वाटतो.

अकोल्याला ताईंच्या गल्लीत पोचलो, तर ही गर्दी! मामाजींनी सगळ्यांना फोन केले होते; चांदूर बाजारचे पाहुणे पोचलेले, अकोल्यातले सगळे सगेसोयरे पोचलेले. घराला कुलूप. आत ताईंचा फोन टेबलावर वाजतोय आणि बाहेर सगळे हळहळताहेत. मामाजी हातात हार घेऊन मधोमध उभे.

"कुलूप कसं?" विलासनं विचारलं.

शेजारची बाई पदर सावरत पुढे आली. "सकायीच दवाखान्यात नेलं बाप्पा म्हातारीले. रिक्षानं. सुनंदाताई हात धरून नेत होत्या."

"म्हणजे अजून आणलं नाही," मामाजी म्हणाले. त्यांनी दोघांना बांबू आणायला पिटाळलं. मामीजींनी मला मिठी मारून असा गळा काढला, की सगळ्या बायका एकदम सुरू झाल्या.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक रिक्षा थांबली. आतून एक म्हातारी उतरली. डोळ्यांना मोठाला काळा गॉगल, डोक्यावर पदर नाकापर्यंत ओढलेला. चाचपडत चाचपडत आमच्याकडे आली. रडणं ऐकलं, जागच्या जागी थबकली आणि भुईवर बसकण मारून आमच्याहून मोठ्यानं रडायला लागली.

"अवो माय वो! माह्या पोरीच्या दारात कोन गेलं वो!"

मामीजी तिला थोपटायला लागल्या. "नोको रडू बाई. म्हातारी सुटली, सोनं झालं तिचं."

"कोन म्हातारी?"

"आमची नणंद वो. सुनंदाची माय."

म्हातारी रडायची थांबली. "सुनंदाची माय त मीच हावो!"

आणि गॉगल कपाळावर चढवला.

पुढचं मी काय वर्णन करू? मामीजी "भूत!" म्हणून माझ्या पायांवर पडल्या. मामाजींच्या हातातला हार नालीत गेला. विलासनं तर आईला उचलूनच घेतलं, त्या बिचाऱ्या "अरे सोड, डोये तपासून आली मी, डोयात थेंब टाकले, मले दिसून नाही राहिलं!" म्हणून ओरडताहेत. मागून सुनंदाताई रिक्षावाल्याला सुटे देऊन आल्या, तर दारात ही जत्रा.

गडबड ओसरल्यावर सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मले मारलं कोनं? नाव सांगा."

मामीजी म्हणाल्या, "काहून? तुया सुनेनंच सांगतलं! दुकानात बसून ढसढसा रडून राहिली होती. म्हणे म्हातारी गेली, उन्हात गेली, पाणी बी नाही पाजलं, जन्मभर ओझं वाह्यलं!"

आणि तेव्हा, मंडळी, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. घोडी! सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी तोंड उघडलं, पण सासूबाई माझ्याकडे चाचपडत आल्या. त्यांचा चेहरा असा झाला होता, जसा मी कधीच बघितला नव्हता.

"तू रडली? माह्यासाठी?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सासरी आली तवा बी नाही रडली ही. मले वाटे, दगडाची पोरगी केली आपण. अन् पाहा, माय मेल्यासारखी रडली! माहं ओझं दिसलं वो हिले!"

आता तुम्हीच सांगा, त्या हाताखालून निघून मी खरं सांगायचं होतं का? चांदूर बाजारच्या बायका डोळे पुसताहेत. एकजण आपल्या सुनेला कोपरखळी मारून म्हणतेय, "पाह्य, शिक काही!" मी मान खाली घातली. जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं वाटत होतं, पण खरं सांगते, त्या हाताखाली बरंही वाटत होतं. पाय मात्र जागच्या जागी चुळबुळत होते, पळून जाऊ का राहू?

पळायला हवं होतं. कारण विलासचा फोन वाजला. सलीमभाई! एवढ्या कल्ल्यात ऐकू येईना म्हणून विलासनं स्पीकर लावला.

"विलास, भाभी का लॅपटॉप दुकानमेंच रह गया. हेडफोन गले में लेके गये वो, रहने दे, पसंद है तो रख लेना. और सुन, भाभी को बोल, रोना बंद करो! अब्बा बता रहे थे, बहोत रो रहे थे पिक्चर देख के. वो बुढ्ढी घोडी मरी नहीं! हम सबने आगे का देखा. पानी पिलाया तो उठके खडी हो गई!"

माझ्या डोक्यावरचा हात जागच्या जागी थांबला.

"घोडी?" मामाजी म्हणाले. "कोनची घोडी?"

आणखी थोडाच वेळ धीर धरून सीन पुरता बघितला असता, तर घोडीही उठली असती आणि सासूबाईही मेल्या नसत्या! पण आता काय? मी गळ्यातल्या हेडफोनला हात लावून पुटपुटले, "पिक्चरमधली."

सासूबाईंनी हात काढून घेतला. गॉगल पुन्हा डोळ्यांवर ओढला. मग एवढ्या सगळ्या सोयऱ्यांसमोर, अगदी शांतपणे, लेकाला म्हणाल्या,

"विलास, मी खरंच जाईन ना बापू, तवा माह्या पाठीवर आठवणीनं खोगीर टाकजो. तुही बायको रडन तरी!"