करवतीमागची फट

त्रेपन्न-चोपन्न साल असेल. बल्लारशाच्या डेपोत मी सागाचे ओंडके चिरत असे. एक पाहुणा लॉरीची वाट पाहत बसला होता. अक्षरांच्या लाकडी चकत्या जुळवून एकटाच इंग्रजी शब्दांचा खेळ खेळे, आणि एकेका आडवळणी शब्दाचा अर्थ पुटपुटे. मी दोन बुकं शिकलेला. मले वाटलं, याची जिरवावी.

"करवत गेल्यावर लाकडात फट रायते ना, तिले हाये का इंग्रजीत नाव?"

"कर्फ," तो लगेच म्हणाला.

हजार ओंडके मी चिरले, अन् नाव याच्यापाशी!

तो उठला. माझ्या अर्धवट चिरलेल्या ओंडक्याच्या फटीत नख घालून हळूहळू फिरवत राहिला.

"शब्द वीस वर्षांपासून ठाऊक आहे, भाऊ. वस्तू आज पाहिली."

माझी करवत मी कोणाले शिवू देत नसे. त्याच्या हाती मीच दिली.