आत्याआजीचे तीन गोविंद

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

रविवारी तिकडे परदेशात बाळाचं बारसं, आणि तुमची नावांची यादी अजून बावीसवर अडकलेली. म्हणून सकाळचा चहा झाल्या झाल्या लिहायला बसले आहे. हे तुम्हांला रविवारच्या आत कळायलाच हवं. अख्ख्या बीड जिल्ह्यात मुलाचं नाव ठेवण्यात तुमच्या आत्याआजीइतकी हट्टी बाई झाली नाही, आणि होणारही नाही!

ही तुमच्या आजोबांची बहीण, म्हणजे माझी नणंद. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा तापानं गेला आणि ती माजलगावला माहेरी आली, ती कायमची. पुढे तिच्या तीन भावांना एकेक मुलगा झाला. पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे तिचाच. पहिल्या बारशाला शेजारणींनी नाकं मुरडली, विधवेनं नाव कसं ठेवायचं म्हणून. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आत्या तीच हाय. दुसरी कुठून आणू?" थोरल्या जाऊबाईंनी प्रकाश ठरवलं होतं. हिनं कानात सांगितलं गोविंद. जवळच्या बायकांनी ऐकलं, आणि एकदा कानात गेलेलं नाव परत काढता येत नाही, असा हिचा कायदा. मधल्या जाऊबाईंनी सतीश ठरवलं, पुन्हा गोविंद. मी शहाणी. तुमच्या बाबांसाठी अभिजित निवडून आदल्या संध्याकाळी तिच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलं. तिनं एकदाही चूक केली नाही. दुसऱ्या दिवशी, गोविंद. मी जाब विचारला, तर म्हणाली, "वहिनी, तोंडाला तेच आलं बगा. म्या तरी काय करू?"

मला खरं तर ते नाव मुळीच आवडत नव्हतं. गोविंद म्हटलं की पागोटं, तपकीर आणि कोर्टाच्या पायऱ्या डोळ्यांसमोर यायच्या. शिवाय एका घरात तीन! शाळेच्या हजेरीत मास्तरांनी त्यांना एक, दोन, तीन आकडे दिले. आत्याआजीला आकड्यांची गरज पडली नाही. थोरला पाळण्यापासून गंभीर, तो राव. मधला सदा लिंबाच्या झाडावर, तो गोंद्या. तुमचे बाबा किरकिरे, ते गोंदू. तापात गोंदुल्या, परीक्षा पास झाल्यावर गोंदाजी. ओट्यावरून एक हाक गेली की बरोबर हवा तोच येऊन उभा राहायचा. अख्खं नाव मात्र तिनं कधीच हाकारलं नाही. मी ते आळसात जमा केलं होतं.

बाकीच्यांचा गोंधळ विचारू नका. युसूफ वडगाव नावाच्या गावाहून पाहुणे रावाला बघायला आले. राव वडवणीला बस चुकून अडकलेला. तेवढ्यात उसाला पाणी देऊन चिखलाच्या पायांनी गोंद्या आला. "गोविंद आपणच का?" पाहुण्यांनी विचारलं. तो खरं बोलला, हो म्हणाला, आणि दोन बशा पोहे खात तासभर उत्तरं देत बसला. मुलगा मोकळ्या मनाचा आहे म्हणून ते बेहद्द खूश झाले. उलगडा झाल्यावरही त्यांनी मुलगी यालाच दिली. तीच तुमची मधली काकू.

गेल्या महिन्यात मी आत्याआजीचं एक सरकारी कार्ड काढायला तिच्याबरोबर गेले. खिडकीतल्या मुलीनं पतीचं नाव विचारलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही या वळणातली ही, ओठ घट्ट मिटून उभी. मी आठवू लागले, तर मला ते ठाऊकच नव्हतं. पन्नास वर्षांत या घरात त्यांना सगळ्यांनी जावईबापूच म्हटलेलं, आणि नाव विचारायचं मला कधी सुचलं नाही. मुलीनं पुन्हा विचारलं. आत्याआजीनं माझी बाही ओढली.

"वहिनी, तुमी सांगा की. तुमच्या पोराचंच हाय."

मी सांगितलं. मुलीनं ते टाइप केलं. पुढची साक्षीदाराची सही मी चुकीच्या रकान्यात केली.

रिक्षात ती आपणहून बोलली. बाकीच्या बायका हळदीकुंकवाला उखाण्यात नाव घेतात. "मला कोण घे म्हणणार? बारशात तेवढं कानात बोलता येतंय. तीनदा बोलले. आणिक एकदा जमंल का, वहिनी?"

आता या बाळाची आत्या, माझ्या नाती, तू आहेस. मान तुझा. पासपोर्टवर तुमच्या बावीसांतलं कोणतंही घाला, मी चकार शब्द बोलणार नाही. फक्त रविवारी, तू वाकायच्या आधी, फोन बाळाच्या कानाशी धर आणि बाकीच्यांना जरा लांब उभं कर. कालपासून ती फोन धरायचा सराव करते आहे, बहुतेक वेळा उलटा. नवं पातळ इस्त्री करून ठेवलंय. मलाच तिच्याहून जास्त घाई झाली आहे.

जावईबापूंचा घरात एकही फोटो नाही. त्यांचं शेत भावकीत गेलं, घर पडलं, त्यांना पाहिलेलं माणूसही आता तिच्याशिवाय कोणी नाही. नाव तेवढं आहे.