माझ्या मागच्या सीटवर तन्मय होता

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते. आमच्या टीममध्ये मी सगळ्यांना एकच ऐकवत असते — जो बग पुन्हा करून दाखवता येत नाही, तो माझ्यापुरता बग नाही. या ग्रुपवरचे अनुभव मी कित्येक वर्षं वाचतेय, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. "झोप अपुरी झाली असेल" असं खाली लिहून पुढे जाणाऱ्यांतली मी. आज स्वतः लिहायला बसलेय, तेव्हा माझ्याही खाली कोणीतरी तेच लिहील... लिहा, माझी हरकत नाही. फक्त त्या दिवशी माझी झोप व्यवस्थित झाली होती एवढं आधीच सांगते.

आम्ही मूळचे पुण्याचे. मी आणि माझा नवरा सिंगापूरला यिशुनमध्ये राहतो, आणि माझा धाकटा भाऊ तन्मय इथल्याच एका युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक करतो. हौगांगला एका फ्लॅटमध्ये खोली भाड्याने घेऊन राहतो. इथे बारा महिने एकच ऋतू, त्यामुळे तन्मयच्या डोक्यात कधीपासून होतं की एकदा खरा हिवाळा बघायचा. बर्फ, गोठलेली तळी आणि त्यात मधूनच वाफाळणारे गरम पाण्याचे झरे. मागच्या डिसेंबरात नवऱ्याला रजा मिळाली नाही, म्हणून आम्ही दोघं बहीण-भाऊच जपानला, होक्काइडोला गेलो. बर्फात गाडी चालवायची आमची दोघांचीही हिंमत नव्हती. सगळा प्रवास ट्रेन आणि बसने.

पहिले काही दिवस फार सुंदर गेले. ट्रेनच्या काचेबाहेर नुसता पांढरा रंग. तन्मय दर स्टेशनवर लहान मुलासारखा नाक काचेला लावून बसायचा.

मग तो दिवस. डोंगरात एक झऱ्यांचं गाव आहे, तिथे जायला एका लहानशा स्टेशनवर उतरून बस पकडायची होती. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. स्टेशन म्हणजे उतरत्या छपराची एक लाकडी खोली, आत हीटर, बाहेर गरम सूपचे कॅन देणारं मशीन, समोर एक दुकान आणि दुकानाशेजारी बसथांबा. भर दुपार होती, आभाळ स्वच्छ, छपरावर माणसाच्या कमरेएवढा बर्फ साठलेला.

तन्मय म्हणाला, "ताई, तू थांब्यावर उभी राहा, मी सूप घेतो आणि पलीकडून दोन फोटो काढून येतो."

"बस येईल रे."

"येतोच गं."

बस आली. मी मागे वळून हाक मारली. "चढ तू, मी आहे," असं मागून ऐकू आलं. स्पष्ट. तन्मयचाच आवाज. मी चढले, खिडकीशी बसले, बॅग शेजारच्या सीटवर ठेवली. मागच्या सीटवर कोणीतरी बसल्याचं जाणवलं आणि माझ्या पाठीला गुडघे टोचले. तन्मय उंच आहे, कुठल्याही बसमध्ये त्याचे गुडघे पुढच्याच्या पाठीत जातात. मी म्हटलं, "पाय आवर रे." बस सुटली.

मी वळून पाहिलं नाही. का नाही, हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारलाय. माझी मान त्या दिवसांत आखडलेली होती, अंगावर जाडजूड कोट, गळ्यात मफलर... आणि मुळात आपल्या माणसाला कोण वळून वळून बघतं?

काचा वाफेने धूसर झाल्या होत्या. बाहेर रस्त्याची कड दाखवणारे खांब तेवढे एकामागून एक जात होते. थोड्या वेळाने तो म्हणाला, "ताई, बोल ना काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. बोलत राहा."

आवाज जरा दबका वाटला. मला वाटलं, मफलर तोंडावर घेतलाय. मग मी बोलत बसले. तन्मय चार-पाच वर्षांचा असताना आमच्या कोथरूडच्या घरी बाथरूममध्ये अडकला होता. आतली कडी त्याला निघेना. बाबा सुताराला आणेपर्यंत मी दाराबाहेर बसून त्याच्याशी बोलत होते. साबणाच्या वडीची आणि बादलीची काहीतरी गोष्ट रचून सांगितली होती. ती गोष्ट मी बसमध्ये पुन्हा सांगितली, जशी आठवेल तशी. तो मधूनमधून हुंकार देत होता.

मग म्हणाला, "ताई, माझे पाय कुठेयत ते कळत नाहीये."

"बूट घट्ट बांधले असशील. नाड्या सैल कर."

"हात पोचत नाही."

"जाडा झालायस," मी म्हटलं आणि हसले.

हे वाक्य लिहितानाही माझा हात थांबतो.

तो हसला नाही. बऱ्याच वेळाने विचारलं, "पाणी गरम असेल ना गं तिथे?"

"असणारच. त्यासाठीच तर चाललोय. झोप आता जरा, गाव आलं की उठवते."

त्यानंतर तो काही बोलला नाही. माझ्या पाठीला लागणारे गुडघेही कधीतरी दूर झाले. मी पण गप्प बसले. गाव येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही, हे लक्षात ठेवा.

गाव आलं. मी उठले, "चल तन्मय" म्हणत वळले. मागची सीट रिकामी होती. पूर्ण बसमध्ये अगदी शेवटी एक आजोबा, बस्स. मी ड्रायव्हरला दोन बोटं दाखवली, मागची सीट दाखवली. त्याने मान हलवून एक बोट दाखवलं. फोनवरच्या भाषांतराच्या ॲपमधून मी त्याला विचारलं, माझा भाऊ कुठे उतरला? त्याचं उत्तर स्क्रीनवर इंग्रजीत आलं — तुम्ही एकट्याच चढलात. तुम्ही बोलत होतात, मला वाटलं फोनवर बोलताय.

तन्मयचा फोन नुसता वाजत होता. ड्रायव्हरने ताबडतोब स्टेशनसमोरच्या दुकानात फोन लावला. बोलता बोलता त्याचा चेहरा बदलला. मग त्याने मला हाताने खाली बसायची खूण केली आणि ॲपमध्ये हळूहळू बोलला — सापडला आहे. जिवंत आहे.

फोटो काढायला तन्मय स्टेशनच्या मागच्या बाजूला गेला होता. छपरावरचा बर्फ एकदम घसरून त्याच्या अंगावर आला. छातीपर्यंत गाडला गेला, एक पाय खाली वाकडा अडकला. भिंत आणि बर्फाचा ढीग यांच्या सांदीत, रस्त्यावरून दिसणारही नाही अशा जागी. म्हणजे बस आली, मी हाक मारली, तेव्हा तो तिथे होता. माझ्या हाकेला "चढ तू, मी आहे" असं त्याने म्हटलेलं नाही. बस आलेलीच त्याला ठाऊक नव्हती.

हॉस्पिटलमध्ये मी पोचले तेव्हा त्याला ब्लँकेटांत गुंडाळून ठेवलं होतं. घोटा मोडलेला, ओठ निळसर. मला बघून डोळे भरले त्याचे. म्हणाला, "ताई, घसा बसला असेल ना तुझा? किती बोललीस."

मला वाटलं ग्लानीत आहे. पण तो पुढे म्हणाला, "साबणाच्या वडीची गोष्ट... मी विसरलो होतो गं ती. आणि जाडा झालायस म्हणालीस, तेव्हा राग आला मला. मी मरतोय आणि ही हसतेय."

मी खुर्ची ओढून बसले.

दुसऱ्या दिवशी जरा हुशारी आल्यावर त्याने तो प्रश्न विचारला ज्याची मला भीती होती. "ताई, तू तिथे होतीस, बोलत होतीस, मग मला बाहेर का नाही काढलंस? कोणाला बोलावलं का नाहीस?"

"मी तिथे नव्हते तन्मय. मी बसमध्ये होते."

मी त्याला बसचं तिकीट दाखवलं, ड्रायव्हरचं बोलणं सांगितलं. त्याने मान वळवली. परतीच्या विमानातही तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

एक गोष्ट मी त्याला तिथे सांगितली नाही. इंग्रजी बोलणाऱ्या एका नर्सकडून मला कळली होती. दुकानातला माणूस ड्रायव्हरचा फोन येण्याच्या आधीच बाहेर धावला होता. फोन आला तेव्हा त्यांनी तन्मयला अर्धाअधिक उकरून काढलेला होता. का धावला? तर स्टेशनमागून एक बाई परक्या भाषेत जिवाच्या आकांताने ओरडत होती. तो मागे गेला तेव्हा तिथे बाई नव्हती. बर्फात तन्मयच्या बुटांच्या ठशांशिवाय दुसरी पावलंही नव्हती, असं तो सांगत होता म्हणे.

त्या वेळी मी बसमध्ये गप्प बसले होते. भावाला झोप म्हणून सांगून.

सिंगापूरला आल्यावर तन्मयचं प्लास्टर निघालं, पण पायाची बोटं बधिर राहिली. आई पुण्याहून रोज फोन करून म्हणायची, "त्या गरम पाण्यात पाय बुडवून बसव गं त्याला." आमच्या घराजवळच हॉट स्प्रिंगचं पार्क आहे, तिथलं पाणी तिने मागच्या वर्षी स्वतः पाहिलेलं. एका रविवारी सकाळी तो बसने आला, काठी टेकत. आम्ही दोघं कुंडाच्या कडेला पाय सोडून बसलो. शेजारी एक चिनी कुटुंब बादलीत अंडी उकडत होतं. एवढ्या उकाड्यात गरम पाण्यात पाय घालून बसलेली माणसं, कोणी पेपर वाचतंय, कोणी डुलक्या घेतंय. मला बरं वाटलं. म्हटलं, इथे बोलता येईल. नर्सने सांगितलेलं सगळं मी त्याला सांगितलं.

तो पाण्याकडे बघत म्हणाला, "तू झोप म्हणालीस ना, तेव्हा मी खरंच झोपत होतो. थंडी पण वाजेनाशी झाली होती. मग तू ओरडायला लागलीस."

"मी नाही तन्मय."

"माहितेय. आता माहितेय." त्याने पाय पाण्यात हलवला. "आवाज तुझाच होता. ताई, पण तू मला कधी नुसतं 'ऊठ' म्हणतेस का? तू म्हणतेस 'ऊठ रे'. ती 'रे' म्हणत नव्हती. आणि 'ऊठ'च्या पुढे पण बरंच काही बोलली."

"काय बोलली?"

शेजारच्या बाईंनी हसून आम्हाला एक उकडलेलं अंडं देऊ केलं, ते त्याने घेतलं, थँक्यू म्हणाला.

मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिने मला वाचवलं. पण ते फुकट नव्हतं, एवढंच सांगतो. जास्त नको विचारूस."

मी नंतर पुष्कळदा विचारलं. रागावून, रडून, आईची शपथ घालून. नाही सांगत. थंडीने मेंदूला भास होतात हे मी वाचलंय. पण ते त्याच्या मेंदूचं झालं. मी तर हीटर लावलेल्या बसमध्ये होते, आणि दुकानातला माणूस कुठल्या भासाने फावडं घेऊन धावला? मला उत्तर मिळालेलं नाही. इथे कोणाला असं काही माहीत असेल तर जरूर लिहा.

तन्मयचा पाय आता बराच सुधारलाय. कामावर जातो, दर रविवारी आमच्याकडे जेवायला येतो, हसतो-बोलतो. फक्त एक झालंय. मी फोन केला की तो उचलतो, पण हॅलो म्हणत नाही. पलीकडे नुसता त्याचा श्वास ऐकू येतो. मी एक-दोन वाक्यं बोलले, त्यात कुठेतरी 'रे' आला, की मग सुटका झाल्यासारखा म्हणतो, "हां ताई, बोल."