फोटोतल्या माणसांची वकील

प्रदर्शनात जाऊन फोटोतल्या माणसांच्या बाजूनं फोटो काढणाऱ्याशी भांडणारं माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि ते नेमकं माझ्या मावशीच्या पोटी जन्माला आलं. माझी ही मावसबहीण धारूरच्या डोंगरकडेला, मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन सांभाळणाऱ्या घरात वाढली. बारावीनंतर ती नर्सिंगला जाणार असं सगळे धरून चालले होते. तिनं परस्पर पुण्याच्या एका कॉलेजात फोटोग्राफीला नाव घातलं आणि मग घरी सांगितलं. मी तेव्हा पुण्यातच एका कचेरीत नोकरीला होतो. मावशीचा मला फोन आला. पोरगी तोंडाची लई फटकळ हाय, तिच्यावर जरा ध्यान ठेव, एवढंच ती म्हणाली. ध्यान ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला पहिल्याच रविवारी कळलं. तिला वर्गात प्रदर्शनं बघून यायला सांगितलं होतं, आणि एकटीनं जायला तिला कंटाळा यायचा. भांडताना साक्षीला कुणीतरी लागतं, हे खरं कारण मला दोन-तीन प्रदर्शनांनंतर उमगलं.

फोटो बघायची तिची पद्धत सरळ बापाकडून आलेली होती. काका बाजारात मेंढा घ्यायला गेले की आधी त्याच्याकडं बघतच नसत. लांबून एक फेरी मारत, दुसऱ्याच जनावराची चौकशी करत, आणि मग एकदम खाली वाकून आपल्याला हव्या त्या मेंढ्याचे पाय बघत. हीसुद्धा गॅलरीत शिरली की हात मागं बांधून भिंतीभिंतीनं एक चक्कर मारायची. सगळी मंडळी दवाखान्यात आल्यासारखी कुजबुजत असायची, आणि हिच्या चपलांचा फटफट आवाज तेवढा घुमायचा. मग एखाद्या फोटोसमोर थांबून ती माणसांचे पाय शोधायची. पाय दिसले नाहीत की तिचं डोकं फिरायचं. एका प्रदर्शनात हमालांचे मोठमोठे फोटो होते, सगळे गुडघ्यापर्यंतच. कपाळावर गॉगल चढवलेले ते फोटोग्राफर चार लोकांना प्रकाशाविषयी काही समजावत होते. ही त्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि विचारलं, "ह्यांचे पाय कावून कापले?" ते हसून म्हणाले की चौकट कुठं संपवायची हा कलावंताचा निर्णय असतो. हिनं मान डोलावली. मला वाटलं, पटलं असावं. मग ती म्हणाली, "तुमचा निर्णय झाला, पण ह्या माणसाला अजून घरी चालत जायचंय की."

जुन्या दारांच्या प्रदर्शनात तर मी तिला हात जोडून नेलं होतं की आज काही बोलू नकोस, दारांना पाय नसतात. तिनं कबूल केलं आणि पाळलंही, शेवटच्या दारापर्यंत. तिथं एका बाईंनी, म्हणजे फोटो काढणाऱ्या बाईंनीच, तिला प्रेमानं विचारलं की कसं वाटलं. विचारल्यावर सांगणं भागच होतं. तिनं विचारलं की आत कोण राहतं. बाई म्हणाल्या की त्यांना माहीत नाही, दार हे त्यांच्यासाठी एक प्रतीक आहे. त्यावर हिचं म्हणणं एवढंच पडलं की एवढ्या लांब जाऊन, दारापर्यंत पोचून, एकदा कडी वाजवायला काय हरकत होती. बाईंचा चेहरा उतरला. बाहेर आल्यावर हिनं गॅलरीच्या पायरीवरच फडक्यातली भाकरी सोडली आणि ठेच्याबरोबर खायला लागली. पहारेकऱ्यानं इथं खायचं नाही म्हटल्यावर त्यालाही अर्धी दिली. तो पुढं आम्हाला बघितलं की हसायचा, पण आत फोन करून कुणाला तरी सावधही करायचा.

तिला कलेतलं काही कळत नव्हतं असं मात्र कुणी समजू नये. एकदा एका म्हाताऱ्या फोटोग्राफर बाईंचं प्रदर्शन होतं आणि त्यात माणूसच नव्हतं. नुसते करडे पत्रे, करड्या भिंती, त्यांच्यावर बसलेली धूळ. मी मनात म्हटलं, आता आपली धडगत नाही. पण ही एका पत्र्यासमोर उभी राहिली ती हलेना. मी परळीत वाढलो. आमच्याकडं विजेच्या कारखान्याची राख पत्र्यावर बसते, आणि माझी आई वारा कुठल्या बाजूचा आहे हे बघून धुणं वाळत घालते. शाळेच्या सुट्टीत ही आमच्या घरी यायची तेव्हा दिवसभर गच्चीवर त्या राखेत बोटानं मेंढरं काढत बसायची. पत्र्याचा तो फोटो बघून ती त्या बाईंजवळ गेली आणि म्हणाली, "हे खरं हाय." बाईंनी तिचा हात बराच वेळ सोडला नाही. परत येताना बसच्या खिडकीवरच्या धुळीत ती बोटानं मेंढरं काढत राहिली.

सगळ्यात गाजलं ते दुष्काळाच्या प्रदर्शनातलं भांडण. फोटोग्राफर मोठे होते, फोटो आमच्याच जिल्ह्यातले होते आणि दारातच आमच्या जिल्ह्याचं नाव लिहिलेलं होतं. आत भेगाळलेली जमीन, रिकाम्या घागरी, आणि कॅमेऱ्याकडं बघणाऱ्या बायका. ही शांतपणे सगळं बघून आली आणि त्यांना म्हणाली की ह्यात एकही बाई हसत नाही. ते म्हणाले, "हे वास्तव आहे." ही म्हणाली, "वास्तव तुमी गेल्यावर सुरू झालं असंल. आमच्याकडं पाव्हण्यासमोर बाया हसत न्हाईत." ते जरा चिडून म्हणाले की त्यांनी तिथं महिना काढला आहे. मग हिनं विचारलं की त्या महिन्यात ह्या बायांना कुणी विचारलं का, तुमचा फोटो कसा काढू म्हणून. आसपास माणसं जमली. एका व्यवस्थापकानं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की पुढच्या वेळी तुम्ही एकटे आलात तरी चालेल. मी शरमेनं खाली बघत होतो. ती मात्र जाताना प्रत्येक फोटोतल्या बाईला मान लववून रामराम करत गेली.

शेवटच्या वर्षी तिला स्वतःची फोटोमालिका करायची होती. ती गावी गेली आणि माणसांना विचारत सुटली की तुमचा फोटो कसा काढू. जो तो आपल्या मनातली हौस घेऊन पुढं आला. एकानं दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसून काढून घेतला. एका म्हातारीनं नवा चष्मा लावला आणि हातात वर्तमानपत्र धरलं, ते उलटं होतं. काकांनी लग्नातलं जाकीट घातलं, पण मेंढा धुतल्याशिवाय फोटोला उभं राहायला ते तयार होईनात. मेंढा धुतला, तोवर जाकिटाचं पार कालवण झालं. मावशीनं जरीचं लुगडं नेसून नव्या फ्रिजवर हात ठेवला आणि सरपंचासारखा चेहरा केला. सगळे पायांसकट. तिचे सर हे फोटो बघून बराच वेळ हसले. चांगले आहेत, म्हणाले, पण लग्नाच्या अल्बमसारखे झालेत, ह्यात काळजाला हात घालणारं काही नाही. ही वाद घालायला तोंड उघडणार एवढ्यात त्यांच्या हाताला गठ्ठ्याच्या तळाशी आणखी एक फोटो लागला. तो मावशीचाच होता, तिच्या नकळत काढलेला. सर बसले होते ते उभे राहिले.

तो फोटो मीही पाहिला आहे. त्यात काय होतं ते मी सांगणार नाही, का ते पुढं कळेल. एवढंच सांगतो की मावशीला मी जन्मल्यापासून ओळखत होतो, आणि तो फोटो बघून मला वाटलं की मी तिला कधी पाहिलंच नव्हतं.

कॉलेजचं वार्षिक प्रदर्शन एका मोठ्या गॅलरीत भरायचं आणि एका विद्यार्थ्याला दर्शनी भिंत मिळायची. त्या फोटोच्या जोरावर ती हिला मिळाली. फोटो मोठा करून, पुठ्ठ्यात बांधून, आईला दाखवायला म्हणून ती गावी निघाली आणि मलाही बरोबर घेतलं. सगळ्या वाटेत तिनं तो मांडीवरून खाली ठेवला नाही. आष्टीला बस चहाला थांबली तेव्हा कंडक्टरनं विचारलं की काच हाय का. ती म्हणाली, "न्हाई, माय हाय."

दुपारी घरी पोचलो. मावशीनं हात पुसले आणि फोटो उजेडाला धरला. ती एवढा वेळ बघत राहिली की चुलीवरचं दूध उतू गेलं आणि ते मला उतरवावं लागलं. मग ती म्हणाली की चांगलाय, पण लोकांना दाखवू नको. हिला आधी ती गंमत वाटली. मग हिनं समजावलं, मग आवाज चढवला. लोकांनी हे बघायला पायजे, तुला ह्यातलं कळत न्हाई, असा फोटो परत व्हायचा न्हाई. तिच्या तोंडून गॅलरीतल्या त्या सगळ्या फोटोग्राफरांची वाक्यं एकामागून एक बाहेर पडत होती आणि तिला ते कळत नव्हतं. मला कळत होतं, पण मध्ये पडायची माझी छाती झाली नाही.

मावशी तिचं सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "बाकीच्या फोटूत मी तुजी माय हाय, ह्यांची बायको हाय. हितं मी कुणाचीच न्हाई. तेवढं माजं मला राहू दे."

तेवढ्यात काका बाहेरून आले आणि काय आहे, बघू, म्हणाले. मावशीनं त्यांनाही दाखवला नाही. पुठ्ठा बांधून तो आपल्या पेटीत ठेवला. ही मेंढरांच्या वाड्यात जाऊन बसली. चहाला बोलवायला गेलो तर म्हणाली, "दादा, मी तिला इचारलंच नव्हतं." त्याच संध्याकाळी माझ्यासमोर तिनं लॅपटॉप उघडला आणि तो फोटो जिथं जिथं होता तिथून पुसून टाकला.

पुण्यात आल्यावर रणकंदन माजलं. तो फोटो नसेल तर दर्शनी भिंत मिळणार नाही, असं गॅलरी चालवणाऱ्या बाईंनी सांगितलं. सरांनी तिला बोलावून घेतलं, मीही होतो. ते वाईट नव्हते, त्यांना तिचं भलंच करायचं होतं. गठ्ठ्यातली ती छोटी प्रत अजून त्यांच्या टेबलावर होती. ते म्हणाले, "अगं, धारूरहून कोण इथं बघायला येणार आहे? तुझ्या आईला कळणारसुद्धा नाही."

"मी येणार की सर," ती म्हणाली. "मला कळंल." आणि टेबलावरची ती प्रत उचलून तिनं फाडून टाकली.

भिंत गेली. ट्रॅक्टर, चष्मेवाली म्हातारी, धुतलेला मेंढा आणि फ्रिजसकट मावशी ही सगळी मंडळी मागच्या बोळात, पाण्याच्या कूलरशेजारी लागली. ती तिथं रोज दिवसभर उभी राहायची. पाणी प्यायला येईल त्याला फोटोतल्या प्रत्येकाचं नाव सांगायची आणि कुणी वर्तमानपत्र उलटं आहे म्हणून हसलं तर, तिला तसंच आवडतं, असं दरडावायची. एका संध्याकाळी सरही पेला घेऊन आले. त्यांना तहान नव्हती. त्यांनी सगळे फोटो पहिल्यापासून पुन्हा बघितले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. पेला तसाच भरलेला कूलरवर राहिला.

आता तिचा अंबाजोगाईत स्टुडिओ आहे. लग्नसराईत ती नवरदेवांशी भांडते आणि उरलेल्या दिवसांत माणसांना हवे तसे त्यांचे फोटो काढते. मोठं नाव व्हायचं होतं ते झालं नाही, असं तिच्या वर्गातले म्हणतात. त्यांना मी उत्तर देत नाही, ती मात्र देते.

मागच्या वर्षी मावशी गेली. दहाव्याला हार घालायला फोटो हवा होता. पाहुण्यांची गर्दी होती, काका कोपऱ्यात बसून होते. मी बहिणीला बाजूला घेऊन म्हटलं की तो पेटीतला लावू या, आता तर मावशी नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. "तिनं न्हाई म्हणलं होतं," ती म्हणाली, आणि फ्रिजवाला फोटो आणून पाटावर ठेवला. जरीचं लुगडं, सरपंचासारखा चेहरा, फ्रिजवर हात. हार घालायला येणारा प्रत्येक जण आधी हसत होता आणि मग रडत होता.

पेटीतल्या फोटोचं तिनं काय केलं ते मी विचारलं नाही. कधीकधी दुपारचं कचेरीत बसल्या बसल्या मी डोळे मिटतो आणि तो आठवून बघतो. कडेकडेनं आता पुसट होत चाललाय. तिला हे कधी सांगितलेलं नाही. सांगितलं तर मावशीच्या बाजूनं माझ्याशी भांडायला ती पहिल्या बसनं पुण्याला येईल. आणि खरं सांगायचं तर, ती आली तर मला बरंच वाटेल.